चार कोटी पेशी आणि काकांचा दम

आमच्या गल्लीतले काका पूर्वी सकाळी सातला पऱ्हाटीत शिरायचे ते ऊन डोक्यावर आल्यावरच बाहेर यायचे. आता घरापासून शेताच्या धुऱ्यापर्यंत जायला त्यांना दोनदा बसावं लागतं. एप्रिल 2021 मध्ये त्यांना कोरोना झाला. यवतमाळला अकरा दिवस ऑक्सिजनवर काढले. तेव्हा कोणी कोणाला 'कसा आहेस' विचारत नव्हतं, 'स्कोर किती', म्हणजे सिटी स्कॅनवर फुप्फुस किती बिघडलं, एवढंच विचारायचे. काकांचा स्कोर 25 पैकी 18 होता. माणूस वाचला, दम तेवढा मागे राहिला.

गेल्या हिवाळ्यात ते मोबाइल घेऊन माझ्या ओसरीवर आले. "मास्तर, हे पाहा बरं जराक. पेशीचं इंजेक्शन म्हन्ते. फुप्फुस नवं होते म्हन्ते. खरं हाय काय?" व्हिडिओत पांढऱ्या कोटातला माणूस, त्याच्या मागे तरंगणारे निळे गोळे आणि खाली फोन नंबर. खर्चाचा आकडा लिहिलेला नव्हता, तो फोनवर सांगतात. काकांनी फोन करून तो ऐकला होता आणि मनातल्या मनात एक एकर मोजून बाजूला काढला होता.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. पण काकांचा एकर वाचवायचा म्हणून हा विषय नीट वाचून काढला, आणि ओसरीवर तीन-चार बैठकांमध्ये त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो: फुप्फुस नवं होत नाही. या पेशींनी दुसरा काही गुण येतो का, हे जगात अजून तपासलं जातंय. तपासणारे वेगळे आणि विकणारे वेगळे, आणि आमच्या गावापर्यंत नेहमी विकणारेच आधी पोचतात.

फुप्फुस म्हणजे फुग्यासारखी एक मोठी पिशवी नव्हे. आत तीस ते पन्नास कोटी बारीक वायुकोश असतात. ते सगळे उलगडून जमिनीवर अंथरले तर साधारण 70 चौरस मीटर जागा व्यापतील. सरकारी घरकुल 25 चौरस मीटरचं असतं, म्हणजे जवळजवळ तीन घरकुलांची जमीन प्रत्येकाच्या छातीत घडी करून ठेवलेली आहे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा पातळ असतो. तो तसा राहिला तरच ऑक्सिजन पलीकडे जातो.

या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक चपट्या, त्यांच्यातून हवा आरपार जाते. दुसऱ्या गोलसर. त्या साबणासारखा एक थर तयार करतात, त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश चिकटून बसत नाहीत. शिवाय चपट्या पेशी मेल्या की या गोल पेशीच वाढून त्यांची जागा भरतात. थोडक्यात, हे फुप्फुसाचं घरचं बियाणं. कोरोनाचा विषाणू ज्या पेशींत शिरतो, त्यांत नेमक्या या गोल पेशी येतात. बियाण्याच्या कोठीलाच आग लागावी, तसं झालं.

मग शरीराची फौज धावून येते. सूज येते, पाणी भरतं, आणि मागोमाग डागडुजी करणाऱ्या पेशी येऊन धागे विणू लागतात. सगळं सुरळीत झालं तर जास्तीचे धागे नंतर काढून टाकले जातात. नाही झालं तर शेणामातीनं सारवायची भिंत कोणीतरी सिमेंटनं लिंपून टाकावी तशी गत होते. भिंत उभी असते, पण हवा खेळत नाही.

म्हणून कोरोनानंतर दम लागणाऱ्या सगळ्यांचा दम एकसारखा नसतो. काहींच्या फुप्फुसात आग अजून धुमसत असते. काहींची आग कधीच विझलेली असते, मागे वाळलेला व्रण तेवढा राहतो. आणि बऱ्याच जणांची फुप्फुसं तपासणीत ठीक निघतात. पायातली ताकद गेलेली असते, रक्त कमी असतं, हृदय थकलेलं असतं, नाहीतर श्वास घेण्याची लयच बिघडलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर 2021 मध्ये या रेंगाळणाऱ्या आजाराची व्याख्या केली. आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, कमीत कमी दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या कारणानं उलगडत नसलेली लक्षणं, अशी ती व्याख्या आहे. 'दुसऱ्या कुठल्या कारणानं' हे शब्द आमच्याकडे फार महत्त्वाचे आहेत. आमच्याकडे चुलीचा धूर आहे, बीडी आहे, जिनिंगमधला सरकीचा धुरळा आहे आणि टीबी तर आहेच.

आता त्या पेशींकडे येऊ.

'स्टेम सेल' हा शब्द विदर्भात अनेकांनी सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे ऐकलेला असतो. पोराला बोनमॅरो बदलला की बरं वाटतं, असं कोणीतरी सांगितलेलं असतं. ते खरं आहे, पण ती गोष्ट निराळी. तिथे रक्त बनवणारा कारखानाच बदलतात, आणि नवा कारखाना आयुष्यभर चालतो. फुप्फुसासाठी ज्या पेशी तपासल्या जातात त्या मेसेनकायमल नावाच्या. त्या हाडांच्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत असतात, चरबीत असतात, आणि बाळाच्या नाळेत रक्तवाहिन्यांभोवती जो जेलीसारखा भाग असतो त्यातही असतात. आपण जी नाळ पुरतो, तीच. एका नाळेतून थोड्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत आठवडोन् आठवडे वाढवल्या की अनेक माणसांना पुरतील एवढ्या होतात.

आर्नल्ड कॅपलन या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1991 मध्ये त्यांना 'मेसेनकायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं. गंमत म्हणजे 2017 मध्ये त्यांनीच लिहिलं की हे नाव आता बदला. 'स्टेम सेल' म्हटलं की लोकांना वाटतं या पेशी अंगात जाऊन नवा अवयव उगवतात, आणि त्या तसं करत नाहीत. ज्यानं बारसं केलं तोच नाव मागे घ्या म्हणाला, आणि बाजारात मात्र जुनंच नाव जोरात चालतं.

मग त्या करतात तरी काय? हाताच्या शिरेतून दिल्या की रक्ताबरोबर त्या हृदयाच्या उजव्या बाजूला येतात आणि तिथून थेट फुप्फुसात. या पेशी 15 ते 30 मायक्रॉनच्या, आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या 5 ते 10 मायक्रॉनच्या. त्यामुळे बहुतेक पेशी तिथेच अडकतात. दुसऱ्या अवयवांसाठी ही अडचण आहे, फुप्फुसासाठी सोय. पण तिथे त्या मुक्काम करत नाहीत. काही दिवसांत बहुतेक सगळ्या नाहीशा होतात. तेवढ्या वेळात त्या जी द्रव्यं सोडतात, त्यांनी चवताळलेली फौज शांत व्हावी, असा हिशोब आहे. दोन भावांचं धुऱ्यावरून भांडण पेटलेलं असताना घरी समजदार पाहुणा यावा, दोन्हीकडच्यांना चार शब्द सांगावेत आणि रातच्या गाडीनं निघून जावं, तशी ही पेशी. आग धुमसत असेल तिथे या पाहुण्याचा उपयोग होईलही. व्रण वाळून दगड झाला असेल तिथे तो काय करणार? 2021 चा आजार घेऊन बसलेल्या माणसाला हा प्रश्न फार लागू पडतो.

काकांचा पुढचा प्रश्न सरळ होता. "मंग लोकायले गुण आला म्हन्ते तो?"

मी त्यांना सोयाबीनच्या टॉनिकची आठवण करून दिली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते फवारलं आणि चौथ्या दिवशी पाऊस आला. पीक हिरवंगार झालं. दुकानदार म्हणाला, पाहा टॉनिक! काका म्हणाले, पाहा पाऊस! दोघांपैकी कोणाचं खरं, हे ठरवायचं असेल तर पिकाचे चार तास, म्हणजे चार ओळी, न फवारता सोडायला हवे होते. कोरोनानंतरच्या फुप्फुसाला असाच पाऊस असतो. पहिल्या वर्षभरात पुष्कळ लोक काहीही विशेष न करता सुधारतात. त्या काळात ज्यानं जे घेतलं त्याला त्याचाच गुण आला असं वाटतं, मग ती पेशी असो, काढा असो की गंडा असो.

हे न फवारलेले तास विदर्भाला नवे नाहीत. 1980 च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं, तेव्हा 58 गावांत दाया आणि आरोग्यसेवकांना श्वास मोजून औषध द्यायला शिकवलं आणि तुलनेसाठी 44 गावं ठेवली. उपचाराच्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा जवळपास निम्मे निघाले. 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. ती 44 गावं नसती तर जगानं मानलं नसतं, आणि मानायलाही नको होतं.

दुसरी गोष्ट संख्येची. पेरणीआधी आपण ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण पाहतो. दहाच दाणे मांडले आणि नऊ उगवले तर नव्वद टक्के म्हणून नाचायचं का? पुढच्या दहात पाचही उगवतील. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवरच्या 12 कोरोना रुग्णांना मगजातून काढलेल्या अशा पेशी दिल्या. 10 वाचले. बातमी जगभर गेली. मग त्याच पेशींची मोठी चाचणी सुरू झाली, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. 300 लोक घ्यायचे होते, पण डिसेंबर 2020 मध्ये मधला हिशोब पाहून 222 वरच भरती थांबवली. महिनाभरात पेशी मिळालेल्या 112 पैकी 42 दगावले, न मिळालेल्या 110 पैकी 47. फरक दिसतो, पण तो नशिबानंही पडू शकतो इतका लहान. बारा दाण्यांची उगवण शंभरात टिकली नाही.

म्हणून ती पेशी बिनकामाची ठरली का? तेही नाही. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेनं तेच औषध लहान मुलांच्या एका वेगळ्याच आजारासाठी मंजूर केलं. दुसऱ्याचा बोनमॅरो लावल्यावर तो मॅरो मुलाच्याच शरीरावर उलटतो आणि स्टिरॉइडनंही आवरत नाही, तेव्हा ते देतात. भारतातही नाळेतल्या नव्हे, मगजातल्या अशा पेशींच्या एका औषधाला गुडघ्याची झीज आणि पायाचा रक्तपुरवठा आटण्याचा एक आजार यांसाठी परवानगी मिळाली आहे. एका आजारात चाललं म्हणून दुसऱ्यात चालेलच, असं नसतं. कपाशीचं तणनाशक कोणी तुरीवर मारत नाही.

व्हेंटिलेटरवरच्या माणसांची गोष्ट झाली. काकांच्या जवळची गोष्ट चीनमधल्या वुहानची. तिथे गंभीर कोरोना होऊन फुप्फुसात डाग पडलेले 100 लोक घेतले. 65 जणांना नाळेच्या पेशी, 35 जणांना पेशी नसलेलं तसंच द्रव. प्रत्येक वेळी चार कोटी पेशी, एक दिवस सोडून नव्हे तर तीन-तीन दिवसांनी, अशा तीन वेळा. 28 दिवसांनी सिटी स्कॅन पाहिला. डागांचा एकूण आकार किती घटला, हे मुख्य माप आधीच ठरवलं होतं. त्यात पेशीवाले थोडे पुढे दिसले, पण तो फरक पक्का म्हणण्याइतका नव्हता. डागांमधला घट्ट भाग तेवढा पेशीवाल्यांत जरा जास्त कमी झालेला निघाला. वर्षभरानं पुन्हा पाहिलं तेव्हा पेशीवाल्या 56 पैकी 10 जणांचा स्कॅन पूर्ण साफ होता, दुसऱ्या गटातल्या 28 पैकी एकाचाही नव्हता. त्रास विशेष कोणाला झाला नाही. माझं मत विचाराल तर ही आशा ठेवण्यासारखी गोष्ट आहे, एकर विकण्यासारखी नाही. शिवाय या लोकांचा आजार ताजा होता.

अशी चाचणी दमासाठी नीट करायची तर किती बारकावे लागतात ते पाहून मी चाट पडलो. पेशींचं द्रव गढूळ दिसतं, साधं द्रव स्वच्छ. रुग्णाला कळलं की आपल्याला 'खरं' मिळालं, तर त्याला तेवढ्यानंच हलकं वाटतं. म्हणून पिशवीवर आवरण घालतात. पेशी गोठवताना एक रसायन घालतात, ते अंगात गेलं की श्वासाला लसणासारखा वास येतो. मग दुसऱ्या गटाच्या पिशवीतही ते रसायन घालावं लागतं, नाहीतर वासावरूनच गुपित फुटायचं.

दम मोजायचा कसा? 'बरं वाटते का' या प्रश्नाला आमच्याकडे माणूस डॉक्टरचं मन राखायला 'हो' म्हणतो. म्हणून 30 मीटरच्या वऱ्हांड्यात सहा मिनिटं चालायला लावतात आणि अंतर मोजतात. सोबतच्या माणसानं काय बोलायचं, तेही ठरलेलं. एकाला 'चल चल, शाब्बास' आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं चालत नाही. पहिल्यांदापेक्षा दुसऱ्यांदा माणूस सरावानंच जास्त चालतो, म्हणून सुरुवातीला दोनदा घेतात. साधारण तीस मीटरची वाढ झाली तर रुग्णाला ती जाणवते असं मानतात. दुसरी एक तपासणी आहे तिच्यात कार्बन मोनॉक्साइडचा अगदी किंचित अंश हवेबरोबर ओढून दहा सेकंद श्वास धरायचा. त्यातला किती पलीकडे रक्तात गेला, यावरून तो पातळ पडदा किती जाड झालाय ते कळतं.

इथे माझी एक तक्रार आहे. या पेशी उणे दीडशे अंशांखाली गोठवून ठेवाव्या लागतात. वितळवल्या की काही तासांत द्याव्या लागतात. म्हणजे चाचणी होणार ती मोठ्या शहरात. आमच्या तालुक्यातून नागपूरला एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी, सोबतच्याची मजुरी आणि एसटीचं भाडं. सहा महिन्यांत आठ खेपा म्हटलं की डवरणीच्या दिवसांत कोण जाणार? वर बीडी ओढणारे, जुना टीबी झालेले यांना चाचणीत सहसा घेतच नाहीत. ते का, हे समजतं. हिशोब स्वच्छ राहायला हवा. पण मग जो आकडा निघतो तो शहरातल्या धुतलेल्या फुप्फुसांचा. चुलीपुढे चाळीस वर्षं बसलेल्या आमच्या बायांना तो कितपत लागू, हे त्यातून कळत नाही.

चाचणी आणि धंदा ओळखायचा कसा, हे काकांना सगळ्यात आधी पटलं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांमधला बोनमॅरो सोडला तर, ज्या पेशी-उपचाराला मंजुरी नाही तो चाचणीबाहेर देता येत नाही. चाचणीत औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार मराठीत समजावून संमती घ्यायची, लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हजर ठेवायचा, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट करायचे. मधूनच 'मी येत नाही' म्हणायचा हक्क शेवटपर्यंत असतो, आणि त्यानं नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते.

पण नुसती नोंद दिसली म्हणून भुलू नका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकची अशीच नोंद सरकारी वहीत होती. तिथे तीन बायांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीच्या पेशी टोचल्या, प्रत्येकीकडून पाच हजार डॉलर घेऊन. तिघींची नजर गेली किंवा जेमतेम उरली. 2017 मध्ये डॉक्टरांच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. पैसे घेतले, तिथेच ओळखायला हवं होतं.

काकांनी माझ्यासमोर स्पीकरवर त्या नंबरला फोन लावला. पलीकडचा गोड बोलला. ही चाचणीच आहे, म्हणाला, सरकारमान्य आहे. "मंग पैसे कायचे?" काकांनी विचारलं. पेशींचा खर्च तुमचा, बाकी सगळं फ्री. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर आशाताईंनी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. बेडका तपासला, टीबी नव्हता. रक्त मात्र चांगलंच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. नागपूरच्या मेडिकलला एक खेप केली, तिथे फुंकायची तपासणी झाली आणि श्वासाचे व्यायाम शिकवले: ओठ शीळ घातल्यासारखे करून सावकाश सोडायचा श्वास, रोज ठरवून चालणं, दम लागला की थांबून पुन्हा चालणं. बीडी सुटली म्हणतात. काकूंचं म्हणणं वेगळं आहे.

मी शाळेच्या मैदानावर टेपनं तीस मीटर मोजून दोन टोकांना विटा ठेवल्या. पहिल्या दिवशी काका सहा मिनिटांत 240 मीटर चालले, एकदा बसून. अडीच महिन्यांनी 315, न बसता. मी वहीत आकडा लिहिला आणि खुशीत म्हणालो, काका, गुण आला!

त्यांनी कमरेवर हात ठेवून श्वास जुळवला. "कायचा गुन, मास्तर? गोळीचा, चालन्याचा, का दुसऱ्यांदा चाललो म्हनून?" मग विटेवर टेकत म्हणाले, "बिनफवारनीचा काका कुठून आनता आता?"